एक नंबरचा बिल्ला

बंद पडलेल्या गोष्टींवर आमच्या व्याह्यांइतका जीव टाकणारा माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याने मेहेरबानी करून माझ्या नात्यात येऊ नये. एक पुरे होता. माणसं रविवारी माथेरानला जातात, अलिबागला जाऊन भिजतात, नाहीतर घरी बसून निवांत मटण खातात. आमचे व्याही रविवारी कारखान्यांची धुरांडी बघायला जात. खोपोलीच्या अलीकडे पुठ्ठ्याची एक मिल होती, तिच्या गेटावर त्यांनी टाइमकीपर म्हणून उभी नोकरी काढली. कोण किती वाजता आत गेलं आणि किती वाजता बाहेर आलं, एवढंच आयुष्यभर पाहिलं. मग मिलला टाळं लागलं आणि ते नवीन पनवेलला मुलाकडे, चौथ्या मजल्यावर राहायला आले. टाळं लागलं हे मी म्हणतोय हं. त्यांच्यासमोर असं म्हणायची सोय नव्हती. "मिल बंद नाही झाली, व्याहीबुवा," ते बोट वर करून सांगायचे, "मिलला सुट्टी आहे." ही सुट्टी माझ्या मुलीच्या लग्नाच्या कितीतरी आधी सुरू झाली होती आणि त्या पत्र्यांवर पिंपळ उगवले तरी संपली नव्हती. मी आपला पनवेलच्या जुन्या बाजारातला चष्मेवाला. आठवड्यातून एक रविवार माझा, आणि तोच नेमका या माणसाच्या ताब्यात. मुलीच्या बापाने व्याह्यांना 'नाही' म्हणू नये अशी आमच्या घरात समजूत आहे. समजूत बायकोची आहे, मला कोणी विचारलेलं नाही.

खरं तर पहिल्या भेटीतच मी ओळखायला हवं होतं. मुलगी पाहायला मंडळी चारला येणार होती. चार वाजून दोन मिनिटांनी बेल वाजली. दार उघडतो तर सगळ्यांच्या पुढे हे, मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलेलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "दोन मिनिटं लेट आहोत," म्हणाले, "पुलावर ट्रेलर आडवा होता. माफी असावी." मुलगी बाहेर आली, बसली. बाकीच्यांनी तिला शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला, ह्यांनी एकच प्रश्न टाकला, "सकाळी किती वाजता उठतेस, बेटा?" पोरगी घाबरून खरं बोलली, "आठ." माझ्या बायकोने डोळेच मिटले. पण हे खूश! "बघा, खरं सांगितलं," म्हणाले, "मला आयुष्यभर सगळ्यांनी सहाच सांगितले." लग्न ठरलं ते त्या आठावर. लग्नात मंगलाष्टकं लांबायला लागली तेव्हा ह्यांनी भटजींच्या नाकासमोर घड्याळ धरलं, आणि लग्न चक्क मुहूर्तावर लागलं. पनवेलच्या कार्यालयात असं पूर्वी झाल्याचं कोणाला आठवत नाही. त्या दिवसापासून मी त्यांना घाबरतो. माया आहेच, पण ती मागून आली, आधी भीती.

त्यांची रविवारची सहल म्हणजे एक टेम्पो ट्रॅव्हलर, सकाळी सातला निघणारी. सात म्हणजे सात. त्यात त्यांच्यासारखेच रिटायर झालेले पंधरा-सोळा जण, आणि पुढच्या मानाच्या सीटवर जांभया देत मी. जायचं कुठे, तर जिथे एके काळी भोंगे वाजायचे तिथे. उरणकडची मिठागरं, रसायनीच्या ओस पडलेल्या कामगार वसाहती, खोपोलीला डोंगरावरून वीजघराकडे उतरणारे ते मोठाले नळ. अंबरनाथला गेलो तेव्हा मला वाटलं, चला, आज तरी देवदर्शन घडतंय. छे! देवळावरून गाडी सरळ पुढे, आणि आम्ही सगळे एका पडक्या कारखान्याच्या भिंतीपुढे उन्हात उभे. "अहो, निदान शंकराला हात तरी जोडू," मी म्हटलं. "शंकर हजार वर्षं आहे तिथेच आहे," हे म्हणाले, "पुढच्या खेपेलाही असेल. ही भिंत नसेल." आणि खरोखर, पुढच्या खेपेला तिथे भिंत नव्हती, तीस मजल्यांच्या टॉवरचा फलक होता. दुसरे गाइड लोक राजांच्या सनावळ्या सांगतात, हे पाळी बदलायच्या वेळा सांगायचे. इथे सायकलींची रांग लागायची, इथे पगाराच्या दिवशी भजीवाला बसायचा, या नळावर अमक्याने तमकीला पहिल्यांदा पाहिलं आणि पुढे तिच्याशीच लग्न केलं. मी कितीही तणतणत गेलेलो असलो तरी ऐकता ऐकता मला त्या रिकाम्या मैदानात सायकली दिसायला लागायच्या, हे कबूल करतो.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे ती फळी. मिलला टाळं लागलं तेव्हा कोणी काय घरी नेलं देव जाणे. ह्यांनी टाइम ऑफिसच्या भिंतीवरची एक लाकडी फळी आणि डबाभर पितळी बिल्ले मागून आणले, तेही रीतसर अर्ज करून. फळीवर खिळे, प्रत्येक खिळ्याखाली नंबर, खिळ्यावर त्या नंबरचा बिल्ला. कामगाराने आत जाताना आपला बिल्ला काढून खिशात टाकायचा, बाहेर पडताना परत लावायचा. खिळा मोकळा म्हणजे माणूस आत. बिल्ला लागला म्हणजे माणूस बाहेर. झालं शास्त्र. सहलीतही तेच. कुठल्याही पडक्या गेटापाशी गाडी थांबली की फळी झाडाला टांगायची, आम्ही रांगेने एकेक बिल्ला काढायचा, परतताना ज्याने त्याने आपल्या हाताने लावायचा. सगळे लागले की शेवटी ते आपला एक नंबर लावायचे आणि वहीत वेळ लिहायचे. "टाइमकीपर सगळ्यांत शेवटी बाहेर पडतो," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणेन. एकदा वैतागून म्हटलं, अहो, गाडीत बसल्यावर सरळ डोकी मोजा ना! तर मी चपला घालून देवळात शिरल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "डोकी हलतात, व्याहीबुवा. बिल्ला हलत नाही."

आणि त्यांच्या लेखी एकच गुन्हा असा होता की त्याला माफी नाही. दुसऱ्याचा बिल्ला लावणं. दारू पिऊन आलेल्यांना त्यांनी मागच्या दाराने घरी पाठवलेलं आहे, गेटावर डबा चोरणाऱ्याला आपल्या डब्यातली पोळी दिलेली आहे. पण दोस्तीखातर दुसऱ्याचा बिल्ला लावणाऱ्याशी ते पुढे जन्मात बोलले नाहीत. स्वतःच्या सख्ख्या मेहुण्याशीसुद्धा नाही. तो मेहुणा गेला तेव्हा दारापर्यंत जाऊन परत आले, हे विहीणबाईंनी मला डोळे पुसत सांगितलं होतं. त्यामुळे मी तो बिल्ला हाताळताना विंचू हातात असल्यागत जपून असायचो.

असं असताना तो पौषातला रविवार उजाडला. सहल खुद्द त्यांच्या मिलची होती. जागा कोणा बिल्डरने घेतली होती, सोमवारी सकाळी पाडकाम सुरू होणार होतं, आणि ह्यांनी चार ठिकाणी खेटे घालून एका दुपारपुरती आत जायची परवानगी आणली होती, साडेपाचला गेट सोडायच्या बोलीवर. आता माझं नशीब बघा. त्याच संध्याकाळी सातला कळंबोलीच्या हॉलमध्ये बायकोच्या भाच्याचं रिसेप्शन. एकीकडे व्याही, दुसरीकडे बायकोचं माहेर; इकडे आड, तिकडे विहीर. "सातला हॉलच्या दारात दिसला नाहीत तर घरी यायची तसदी घेऊ नका," असं मला निघताना प्रेमाने सांगण्यात आलं होतं. मी रिसेप्शनचा सदरा घालूनच मिल बघायला निघालो.

त्या दिवशी गाडीत दोघं जण मिलमधलेच होते. एक रिबेकाबाई, मिलच्या दवाखान्यातल्या जुन्या नर्स. त्यांचे ज्यू भाऊबंद केव्हाच इस्रायलला गेले, पण ह्या पनवेल सोडायला तयार नाहीत. "तिकडे माझ्याशी मराठीत भांडणार कोण?" असं विचारतात. दुसरे नेऱ्याचे गणपतदादा. पंच्याहत्तरीचे, डोक्याला पांढरी टोपी, एका कानाने ठार बहिरे आणि दुसऱ्याने सोयीप्रमाणे. जिथे पुठ्ठ्याचा लगदा घोटायचे त्या हौदावर त्यांनी तिसरी पाळी काढली होती, आणि मिलला टाळं लागल्यावर पहिल्यांदाच ते इकडे फिरकत होते. गेटापाशी रांग लागली. मी माझा नेहमीचा सात नंबर काढला. गणपतदादांची वेळ आली तर बिल्ल्याला हात लावेनात. "ह्यो माजा नाय," म्हणाले. "माजा दोनशे चवदा. मना माजाच द्या." व्याह्यांनी डबा उघडला, पार तळाशी हात घातला आणि दोनशे चौदा काढून त्यांच्या हातावर ठेवला. मग फळीच्या कडेला त्या नंबरचा एक जादा खिळा ठोकला. गणपतदादांनी बिल्ला सदऱ्याला पुसला आणि कपाळाला लावला. माझं मात्र अर्धं लक्ष घड्याळात.

आत गेल्यावर वेळ कसा गेला ते विचारू नका. व्याही प्रत्येक खांबापाशी थांबत होते. इकडे माझा फोन खिशात थरथरत होता, बायकोचा. शेडमध्ये ओळीने उघडे हौद, काठावर गवत, आत काळोख. एका हौदात मी वाकून पाहिलं तर पुरुषभर खोल, तळाला विटांचे तुकडे. पाचच्या सुमाराला गणपतदादा माझ्यापाशी आले आणि बिल्ला माझ्या तळहातावर ठेवला. "माजा खिसा फाटलाय, चष्मेवाले. तुमी जरा धरा. आलोच." मला वाटलं, म्हातारा माणूस, आडोसा शोधत असेल. मी बिल्ला खिशात टाकला आणि बायकोला मेसेज करायला लागलो.

साडेपाचला वॉचमनने शिट्टी फुंकली. "चला, चला! मना पन घर हाय!" मंडळी भराभर बाहेर पडली, बिल्ले लागले. मी सगळ्यांत मागे. माझा सात नंबर लावला आणि हाताला दोनशे चौदा लागला. च्यायला, हा राहिलाच की! गाडीकडे पाहिलं तर मागच्या काचेआड पांढरी टोपी दिसली. म्हणजे आजोबा माझ्याआधी जाऊन बसलेसुद्धा. आता काय करायचं? त्यांना खाली उतरवायचं, गेटापर्यंत चालवत आणायचं, मग व्याही विचारणार की यांचा बिल्ला तुमच्याकडे कसा, मग वीस मिनिटांचं व्याख्यान, मग कळंबोलीला आठ. व्याही पाठमोरे होते. गेटाच्या गजावर हात ठेवून आत बघत उभे होते. मी बिल्ला खिळ्यावर लावून टाकला. एका सेकंदाचं काम.

व्याही वळले. नेहमीप्रमाणे एकेका खिळ्यावर बोट टेकवत गेले. दोनशे चौदावर बोट जरा जास्त वेळ थांबलं, पण ते नुसतेच हसले आणि आपला एक नंबर लावला. वहीत लिहिलं, 'सर्व बाहेर.' गाडी निघाली. धुरांडं दिसेनासं होईपर्यंत ते मान वळवून बघत होते.

चौकला चहाला थांबलो. व्याह्यांनी हॉटेलवाल्याला ड्रायव्हर धरून अठरा चहा सांगितले, आणि अठरा ग्लास आले. सगळ्यांनी घेतले. बाकावर एक ग्लास उरला. "कोणाचा राहिला?" त्यांनी विचारलं. चहावर साय धरायला लागली.

"गणपतदादा कुठायत?" रिबेकाबाई म्हणाल्या.

"झोपले असतील, मागच्या सीटवर," मी म्हटलं. म्हटलं काय, तोंडातून कसंबसं बाहेर पडलं. ड्रायव्हर जाऊन बघून आला. मागच्या सीटवर रिबेकाबाईंचा चकल्यांचा डबा होता आणि डब्यावर पांढरा नॅपकिन. नॅपकिन! गेली पस्तीस वर्षं अख्ख्या पनवेलच्या डोळ्यांचे नंबर काढणारा मी, आणि मला नॅपकिनची टोपी दिसली.

व्याही मात्र अगदी शांत होते. "घाबरू नका," ते सगळ्यांना म्हणाले. "गणपतचा बिल्ला लागलाय, मी स्वतः हात लावून पाहिलाय. म्हणजे तो गेटाच्या बाहेर आहे. गाडी चुकली असेल, नाहीतर कोणी ओळखीचं भेटलं असेल. आपण खोपोलीला जाऊ. दोघांनी एसटी स्टँड बघा, दोघांनी बाजार, मी गेटापासून रस्ता बघत येतो. आत बघायची गरज नाही." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या माणसाच्या बिल्ल्यावर शंका घ्यायची कोणाची टाप नव्हती. मला मात्र ते उघडे हौद दिसत होते. बाहेर अंधारून आलं होतं. तिकडे वॉचमन कुलूप लावून घरी गेलेला, सकाळी तिथे जेसीबी येणार, आणि ही सगळी माणसं माझ्या एका सेकंदापायी त्या म्हाताऱ्याला एसटी स्टँडवर शोधणार. गप्प बसलो तर माणूस जातो. बोललो तर, मेहुण्याचं काय झालं ते मला ठाऊक होतं, आणि माझी पोरगी त्याच घरात नांदत होती. खोटं कशाला सांगू? मी गप्प बसलो होतो. मंडळी उठली, गाडीकडे निघाली, तरी मी गप्प होतो. मग बाकावरचा तो चहा दिसला.

"व्याहीबुवा," मी म्हटलं, "तो बिल्ला गणपतदादांनी नाही लावला. मी लावला."

ते जागच्या जागी थांबले. वळून माझ्याकडे बघतील असं वाटलं, पण बघितलं नाही. "गाडी फिरव," एवढंच ड्रायव्हरला म्हणाले.

चौक ते मिल हा रस्ता मी शेकडो वेळा केला असेल, पण त्या दिवसाइतका लांब कधीच वाटला नाही. फोन वाजत होता, तो मी बंद केला, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. व्याही ड्रायव्हरशेजारी ताठ बसले होते आणि मला त्यांची नुसती मान दिसत होती. मी खंडोबाला बोललो, गणपतीला बोललो, ज्या शंकराला अंबरनाथला हात जोडायचे राहिले होते त्यालाही बोललो. माणूस जिवंत असू दे, बाकी काय व्हायचं ते होऊ दे.

गेटाला कुलूप होतं. ड्रायव्हरने मागच्या वाडीतून वॉचमनला उठवून आणलं, तो जेवता जेवता आला. "आत कोन नाय सायेब," हात झटकत म्हणाला, "तुमीच सगले मोजून नेले ना?" त्यावर व्याह्यांनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. इथे एकेक मिनिट जड झालेलं, आणि त्यांनी गाडीतून फळी काढली, गेटाला टांगली, आपला एक नंबर काढून खिशात टाकला. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "दोनशे चौदा काढा," म्हणाले. मी काढला. त्यांनी तो माझ्याकडून घेतला. "आता तुमचाही काढा, आणि रिबेकाबाई, तुम्हीही. माणूस आत असेल तर फळीने तसं सांगायला हवं."

आत मिट्ट काळोख. आमच्या हातात मोबाइलचे दिवे, तरी आम्ही ठेचकाळत होतो. हे दिव्याशिवाय पुढे. "दोनशे चौदा, तिसरी पाळी, डाव्या हाताचा चौथा हौद," स्वतःशीच पुटपुटत होते. ना हाक मारली, ना इकडेतिकडे पाहिलं. सरळ त्या हौदाच्या काठावर जाऊन उभे राहिले आणि खाली वाकले. "गणपत?"

"आलाव?" खालून आवाज आला.

मी मोबाइलचा दिवा खाली धरला. गणपतदादा हौदाच्या तळाशी, भिंतीला टेकून, टोपी मांडीवर ठेवून बसले होते. आपली जागा बघायला म्हणून काठावर बसले, पाय सटकला, घोटा मुरगळला. "वरडलो मी," ते सांगत होते, "पन मना माजाच आवाज आयकू येत नाय, तुमाला काय येनार? मंग गप बसलो." ड्रायव्हर आणि वॉचमन खाली उतरले, त्यांना उचलून वर दिलं. रिबेकाबाईंनी तिथेच पाय मांडीवर घेतला आणि त्या नॅपकिनची घट्ट पट्टी बांधली. "भ्या नाय वाटला, दादा?" वॉचमनने विचारलं. त्यावर गणपतदादा हसले. तोंडात दात जेमतेम चार, पण हसू तोंडभर.

"भ्या कशाचा? माजा बिल्ला लागला नाय तवर टाइमकीपर जायाचा नाय. मना म्हाईत हाय ना!"

कोणी मला त्याच हौदात ढकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. व्याही काय बोलतात याची मी वाट बघत होतो. आता सांगतील, आणि सांगायलाच हवं, कारण या माणसाने उभ्या जन्मात खोटी वेळ लिहिलेली नाही. व्याह्यांनी गणपतदादांच्या खांद्यावर हात ठेवला. "खिळा मोकळा होता, गणपत," ते म्हणाले. "आम्ही जाऊ कसे?"

बाहेर आल्यावर त्यांनी दोनशे चौदा गणपतदादांच्या हातात दिला. दोघांनी आधार दिला आणि त्या म्हाताऱ्याने एका पायावर उभं राहून आपल्या हाताने आपला बिल्ला लावला. रिबेकाबाईंनी आणि मी आमचे लावले. शेवटी एक नंबर लागला, वहीतली आधीची वेळ खोडली गेली, नवीन लिहिली गेली. मी गाडीच्या मागे जाऊन रडलो. लपवायचं कशाला, चांगला हुंदके देऊन रडलो.

रिसेप्शनला मी पोचलो तेव्हा हॉलवाले खुर्च्या एकावर एक रचत होते. बायको काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकू येत नव्हतं. मला भीती होती ती वेगळ्याच गोष्टीची. आठवडाभर व्याह्यांचा फोन नाही. मुलीला आडून आडून विचारलं, "सासरे काही म्हणाले का गं?" "नाही बाबा. का?" म्हणजे घरात बोलले नव्हते. पण मेहुण्याबद्दल तरी कुठे बोलायचे? जन्माचा अबोला असाच सुरू होत असणार. रविवार उजाडला. मी पहाटे पाचपासून अंघोळ करून फोनसमोर बसलो, ज्या रविवारला इतकी वर्षं शिव्या घातल्या त्याचीच वाट बघत. पावणेसातला फोन वाजला. "व्याहीबुवा, पेणला जायचंय. सात वाजता खाली या," त्यांचा नेहमीचा आवाज. मग जरा थांबून म्हणाले, "आजपासून फळी तुम्ही धरायची." मी सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना रस्त्यावर उभा होतो. माझ्या लग्नालाही मी इतक्या वेळेवर गेलो नव्हतो.

त्यानंतर कितीतरी रविवार मी ती फळी काखेत मारून हिंडलो. मिल गेली, धुरांडं गेलं, आता तिथे पत्र्याचं कुंपण आहे. त्या संध्याकाळबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही, मीही काढला नाही. मग त्यांचं चालणं कमी झालं, सहली थांबल्या आणि फळी त्यांच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी लागली. सवय जाते कुठे? घरात शिरताना आलेल्याने बिल्ला काढायचा, जाताना लावायचा. गॅस सिलिंडरवाल्यालाही सुटका नव्हती. या पावसाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. मी रोज दुकान बंद करून जायचो, सात नंबर काढायचो, उशाशी बसायचो. एका संध्याकाळी त्यांनी उशीखालून एक नंबर काढला आणि माझ्या मुठीत दिला.

"वेळ आली की हा तुम्ही लावायचा," म्हणाले.

"मी? अहो, दुसऱ्याचा बिल्ला मी कसा लावू?"

त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला सवय आहे," ते म्हणाले, आणि खोकला येईपर्यंत हसले.

त्यांना जाऊन आता दोन महिने झाले. मी अजून रोज जातो. विहीणबाई चहा टाकतात, मुलगी समोर येऊन बसते. निघताना मी माझा सात लावतो तेव्हा फळीवर सगळे बिल्ले असतात, फक्त पहिला खिळा मोकळा. परवा मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं ना? लावून टाका की आता." बिल्ला माझ्या खिशातच होता, काढला, खिळ्यापर्यंत नेला, आणि परत खिशात टाकला. ती विहीणबाईंकडे बघायला लागली. मी तिला काही बोललो नाही, पण तुम्हाला सांगतो. आत असलेल्या माणसाचा बिल्ला मी आयुष्यात एकदा लावलाय. पुन्हा नाही लावणार.